सदतिसाव्या पानावरचे गळ

पोर्ट फेअरी
सोमवार, ७ ऑक्टोबर १९९६

प्रिय एल्वा,

ऑक्टोबरचा पहिला आठवडा सरला आणि तुझं पत्र नाही. उन्हाळ्यात तिघांनी वाचायच्या पुस्तकांच्या यादीचं पहिलं पत्र तू लिहायचं हा नियम तूच घातलेला, माझ्या भावाशी लग्न करून आलीस त्याच वर्षी. पस्तीस वर्षं तो पाळलास आणि आता मोडलास. मी काही हे विसरणार नाही, सांगून ठेवते.

असो. माझी तीन पुस्तकं तयार आहेत. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जुना बाजार होता. बाहेर धो धो पाऊस आणि आत ओल्या लोकरीचा वास. पाद्रीबाईंनी कादंबऱ्या नेहमीप्रमाणे मुरंब्याच्या बरण्यांखाली दाबून ठेवलेल्या, म्हणजे मुरंबा विकला जाईपर्यंत कोणी वाचू नये. मी बरण्या उचलून जमिनीवर ठेवल्या आणि कोण काय म्हणतं ते बघत उभी राहिले. कोणी काही म्हटलं नाही. त्या ढिगात दीपगृहवाल्याच्या बायकोवरची एक जाड कादंबरी मिळाली. दुसरं पुस्तक एका गुरांच्या डॉक्टरच्या आठवणींचं आहे, मुखपृष्ठ फाटलेलं. रविवारी कोरॉइटच्या रस्त्यावर एका घराच्या अंगणात विक्री मांडली होती, तिथे बर्फात अडकलेल्या जहाजाची हकिगत मिळाली. ती क्लेमसाठी. जन्मभर गव्हाच्या रानात राहून माझ्या या भावाला समुद्राचंच वाचायचं असतं, आणि मी समुद्राला खेटून राहते तर मला त्याचं नावही नको.

आता तुझी तीन सांग. मग सहाच्या सहा क्लेमपुढे ठेव आणि त्याचा निकाल कळव. गेल्या वर्षी माझ्या कादंबरीपुढे त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, "या बाईला कोणीतरी पहिल्याच प्रकरणात विहिरीत ढकला, दोनशे पानं वाचतील." मला अजून राग आहे. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात, तुम्ही येताच आहात. मागची खोली रंगवून घेतली आहे. फोन करू नकोस, कानाचं नवं यंत्र आलंय आणि फोन धरला की ते फक्त शिट्टी वाजवतं.

तुझी,
डल्सी


मर्टोआ
रविवार, २० ऑक्टोबर

प्रिय डल्सी,

पत्र मिळालं. उशीर झाला, माफ कर.

या वर्षी शनिवार-रविवारी बाहेर पडणं झालं नाही, त्यामुळे मिरवण्यासारखं काही हाती लागलेलं नाही. ज्यूडिथ दर गुरुवारी लायब्ररीची गाडी घेऊन येते. तिने काही जुनी पुस्तकं यादीतून काढून टाकली, त्यातली तीन मी घेतली. एक मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबद्दल आहे, एक कुणा बाईच्या बागेबद्दल. तिसरं दोन भाऊ मिळून बोट बांधतात त्याची कादंबरी आहे, लहानशी.

क्लेमला सहाही पसंत आहेत. हाताला थोडा कंप आहे म्हणून स्वतः लिहीत नाही.

इकडे माशा सुरू झाल्या. गहू लवकर पिवळा पडतोय.

एल्वा


पोर्ट फेअरी
रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय एल्वा,

क्लेमला सहाही पसंत? आपल्याच क्लेमला? मी पत्र दोनदा वाचलं आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. ज्या माणसाने आमच्या आईच्या मयताला पाद्रीचं भाषण लांबलं म्हणून घड्याळ काढून दाखवलं, तो सहा पुस्तकं मुकाट्याने मान्य करतो? वय माणसाला मऊ करतं म्हणतात. तसं असेल तर मी याचा पुरेपूर फायदा घेणार. जहाजाची हकिगत मी माघारी घेते आणि तिच्या जागी एक प्रेमकथा घालते. तीत नायक नायिकेच्या छत्रीला पत्र लिहितो. बघू आता कसा ओरडत नाही ते.

तुमच्या ज्यूडिथवरून आठवलं. आमच्या लायब्ररीत नवी बाई आली आहे आणि तिला खुणांचा शोध लागला. आम्ही म्हाताऱ्या बायका वाचून झालेल्या पुस्तकात एका ठरावीक पानावर बारीक खूण करतो, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने दारावर पाटी लावली, पुस्तकं विद्रूप करू नयेत. मी पन्नासाव्या पानावर टिंब देते, ते कोणाच्या बापाला दिसत नाही. क्लेमला मात्र सांग सांभाळून राहायला. सदतिसाव्या पानावर मासे पकडायचा गळ काढणारा अख्ख्या गव्हाच्या मुलखात तो एकटाच असणार. लगेच सापडेल.

हात कापतोय तर कापू दे. एक ओळ त्याच्याकडून लिहून घे. निकालावर न्यायाधीशाची सही लागते.

परवा घोड्यांची ती वर्षातली मोठी शर्यत. सगळ्या बायका टोप्या घालून हॉटेलात जमणार आहेत. मी घरीच बसून दीपगृहवाल्याच्या बायकोला सोबत करणार.

डल्सी


मर्टोआ
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय डल्सी,

माझी तीन पुस्तकं वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. तू आधी वाच. आम्हाला घाई नाही.

नाताळला यायचं जमेल असं वाटत नाही. गाडीचं काहीतरी बिघडलंय आणि गॅरेजवाला सध्या फक्त कापणीची यंत्रं दुरुस्त करतोय. वाईट वाटून घेऊ नकोस. खोलीला कोणता रंग दिलास ते कळव.

क्लेमची ओळ खाली आहे.

एल्वा

*डल्सी, तुझी निवड बरी आहे. छत्रीवाली कथासुद्धा चालेल. — क्लेम*


पोर्ट फेअरी
शुक्रवार, २९ नोव्हेंबर

प्रिय एल्वा आणि फितूर न्यायाधीश महाराज,

गाडीचं कारण मला पटलेलं नाही, पण ते मी बाजूला ठेवते, कारण आज माझा जीव आनंदात आहे.

पार्सल मंगळवारी आलं. मेंढ्यांचं पुस्तक चाळलं, बागेचं बाजूला ठेवलं आणि बोटवाली कादंबरी सहज सदतिसाव्या पानावर उघडली, म्हटलं क्लेमचा गळ आहे का बघू. एल्वा, तिथे एक नाही, अकरा गळ आहेत. समासात वरपासून खालपर्यंत ओळीने, काही पेन्सिलीचे, काही निळ्या शाईचे. मी दोनदा मोजले. अकरा वेळा! या माणसाने जन्मात कुठलं पुस्तक दोनदा वाचलं नाही. दुसऱ्यांदा वाचणं म्हणजे उष्टं खाणं, असं मला तोंडावर सांगितलेलं त्याने. आणि आता एकच पुस्तक अकरा वेळा, आणि मला अक्षराने कळवलं नाही. चहाचे डाग आहेत ते तेवढे पहिल्या चाळीस पानांवरच. पुढची पानं कोरी करकरीत. माझा तर्क असा की सुरुवात तो चहाबरोबर चवीचवीने वाचतो आणि पुढे रंगला की कप विसरतो. बरोबर की नाही ते त्याला विचार.

मी ती दोन दिवसांत संपवली. शेवट सांगत नाही, त्याला पाठ असेल आणि तुला माहीत असेलच. चांगली आहे. अकरा वेळा वाचण्याइतकी मला लागली नाही, पण मी त्या घरातली नाही ना जिथे ती रोज टेबलावर होती.

तेव्हा या वर्षी यादीत पहिला नंबर तिचा. जानेवारीत तिघांनी मिळून तीच वाचायची, मोठ्याने, आणि क्लेमने सांगायचं अकरा वेळा काय सापडलं. त्याच्याकडे उन्हाळ्यात ती नसली असं व्हायला नको, म्हणून आजच परत पाठवते आहे. सोबत त्याला एक वही, त्याने त्यात लिहावं. आणि हो, त्याचं अक्षर कंपाने बिघडायच्या ऐवजी सुधारलंय. पहिल्यांदाच मला त्याची ओळ एका फटक्यात वाचता आली.

रंग फिकट पिवळा.

डल्सी


मर्टोआ
शुक्रवार, ६ डिसेंबर

प्रिय डल्सी,

ती ओळ मी लिहिली होती. सहा पुस्तकं पसंत असल्याचंही मीच लिहिलं. गाडीला काही झालेलं नाही.

आज पुस्तक आणि वही आली. क्लेमने पार्सल उघडलं, पुस्तक बघून खूश झाला आणि खुर्चीत जाऊन बसला. आता हे लिहितेय तेव्हा तो आतल्या खोलीत ते वाचतोय. म्हणून तुला सगळं सांगते. मी ते तुझ्याकडे पाठवलं होतं ते घराबाहेर जावं म्हणून.

दोन वर्षं झाली. आधी तो वाचून झालेल्या गोष्टीत शेवटी काय झालं ते मला विचारायचा. मला वाटलं, नीट लक्ष देऊन वाचलं नसेल. मग दर गुरुवारी गाडीवरून तेच पुस्तक आणायला लागला. ज्यूडिथ म्हणायची, हे झालंय तुमचं, दुसरं देते. तो म्हणायचा, मी अजून म्हातारा झालेलो नाही. तिने पुढे बोलणं सोडलं. घरी आणून तो पहिल्यापासून सुरू करायचा. सदतिसाव्या पानावर आला की त्याला गळ दिसायचा. मग चिडायचा. कोणीतरी माझी खूण चोरली, म्हणायचा. जुन्या खुणेशेजारी स्वतःची खरी खूण काढायचा, पुस्तक मिटायचा आणि संपलं असं सांगायचा. अकरा वेळा असं झालं. त्या बोटीचं पुढे काय होतं ते त्याला माहीत नाही. मलाही नाही. शेवटी ज्यूडिथने ते पुस्तक लायब्ररीतून काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, घरीच ठेवा आता. ती बिचारी दुसरीकडे बघत होती.

डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलंय. तुला माहीत असेल ते. सकाळी तो बरा असतो. दुपारी चारनंतर तो माझ्याशी फार आदराने बोलतो. बाई, तुमचा चहा उत्तम होता, आता मला निघायला हवं, घरी मिसेस वाट बघत असेल. मी टोपी लपवते. तो शोधतो. मग मी त्याला म्हणते, अजून दहा मिनिटं बसा. अशी दहा-दहा मिनिटं करून रोजचा दिवस संपतो.

हॉर्शमच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होते आहे. तेरा जानेवारीला त्याला घेतील. दहा तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा कधी ते सांगता येत नाही. पर्थहून रॉबिनचा फोन येतो दर रविवारी. ती म्हणते, आई, तुला योग्य वाटेल ते कर. मला योग्य-अयोग्य काहीच वाटत नाही, डल्सी. फॉर्म फ्रिजवर लावलाय. येता-जाता दिसतो. दुधाची पिशवी दिसते तसा दिसतो.

दोन वर्षं तुला सांगितलं नाही. का, ते मी बरेच दिवस शोधत होते. तुझ्या पत्रांत तो अजून धड होता. तू त्याला चिडवत होतीस, त्याच्या निकालाला भीत होतीस. तो तसा असण्याची ती एकच जागा उरली होती. ती मला जाऊ द्यायची नव्हती. म्हणून मी त्याच्या नावाने लिहीत गेले आणि लिहिताना मला फारसं कठीणही गेलं नाही.

आता तो सदतिसाव्या पानावर आला असावा. मला जायला हवं.

एल्वा


पोर्ट फेअरी
बुधवार, ११ डिसेंबर

एल्वा,

दोन वर्षं. माझा सख्खा भाऊ, आणि मी त्याला छत्रीच्या प्रेमकथांवरून टोमणे मारत बसले होते. तू मला ते करू दिलंस. अकरा गळ बघून मी अख्ख्या पोस्टात सांगत सुटले होते की माझ्या भावासारखा वाचक नाही. मला आज कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

आणि आश्रम? आम्हा हॅनफोर्डांच्या घरातलं कोणी असल्या ठिकाणी गेलेलं नाही. आईला शेवटची अकरा वर्षं मी सांभाळलं, एकटीने, लग्नाबिग्नाचा विचार बाजूला ठेवून. तिलाही कळत नव्हतं मी कोण ते. तुला दोन वर्षांत जड झालं? माणूस दमतो, मला मान्य आहे. पण दमला म्हणून नवरा कोणी दारात ठेवून येत नाही.

गुरुवार

कालचं फाडणार होते. फाडत नाही. तू मला खोटं पाठवलंस, मी निदान मनातलं पाठवते.

पण असं बघ. सत्तावीस तारखेला मी माझी गाडी घेऊन येते. तू तीच गाडी घेऊन इकडे ये आणि माझ्या घरात दोन आठवडे राहा. बोटवाली सोडून बाकीची पाच पुस्तकं टेबलावर काढून ठेवते. तू वाच. मी क्लेमबरोबर राहते. दहा तारखेपर्यंत काही कळवू नकोस. मी दाखवते कसं जमतं ते.

डल्सी


पोर्ट फेअरी
बुधवार, १ जानेवारी १९९७

प्रिय डल्सी,

पोचले. किल्ली तू सांगितलीस तिथे होती.

पहिले दोन दिवस झोपले. उठून पाव खाल्ला आणि पुन्हा झोपले. तिसऱ्या दिवशी समुद्रावर गेले, लोक पाण्यात होते, मुलं ओरडत होती. मी बाकावर बसले आणि एक तासाने उठून आले. छान होतं, असं लिहायला हवं. छान होतं.

पुस्तकं टेबलावर आहेत. मी त्यांची रोज धूळ पुसते. दीपगृहवाल्याच्या बायकोचं पहिलं पान चार वेळा वाचलं. ती जिन्याने वर जाते. त्यानंतर काय ते डोक्यात राहत नाही. मला एकदम वाटलं, मलाही क्लेमचंच लागलं की काय. मग लक्षात आलं, तसं नाही. मला ती जिन्याने वर गेली काय आणि नाही गेली काय, काहीच फरक पडत नाही.

त्याला दूध कोमट लागतं. मोजे उजवा आधी. भांडण झालं तर दिवाणखान्यातून बाहेर निघून जा आणि दुसऱ्या दाराने आत ये, तू नवीन माणूस होतेस.

तुला आईचं जमलं हे मी कधी कमी लेखलेलं नाही. तू काय लिहिलंस त्याचा मला राग आलेला नाही. यायला हवा होता. मी वाट बघतेय.

एक गोष्ट सांगते आणि मग बंद करते. मला परत यावंसं वाटत नाही. तो नको असं नाही. मला घराचं दार डोळ्यांपुढे येतं आणि हात जड होतात. मी येईनच, पण वाटत नाही हे तुला माहीत असावं.

एल्वा


मर्टोआ
सोमवार, ६ जानेवारी

प्रिय एल्वा,

तुझं पत्र शनिवारी आलं. मोजे उजवा आधी हे मला चार दिवस आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

पहिले दोन दिवस मी फार खूश होते स्वतःवर. पुडिंग केलं, त्याला तळ्याकाठी फिरवून आणलं, बदकांना पाव घातला. पुस्तकांचं खोकं घेऊन आले ना मी, त्यावरून त्याने मला लायब्ररीच्या बाई ठरवलं. मी म्हटलं, चालेल. बहीण म्हणून त्याने माझं कधी ऐकलं नाही, बाई म्हणून ऐकत होता. मनात म्हटलं, एल्वाला युक्ती नाही, एवढंच.

गुरुवारी मी मागे कपडे वाळत घालत होते. चार चादरी, बाकी काही नाही. आत आले तर खुर्ची रिकामी आणि टोपी गायब. माझ्या कानांना ना दार ऐकू आलं ना फाटक. मी गव्हाच्या कोठारांच्या दिशेने धावले, म्हणजे धावल्यासारखं काहीतरी केलं. गव्हाच्या ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत होती. तो वजनकाट्यावर उभा होता, बरोबर मधोमध, एक हात वर करून, जसा तिथल्या नोकरीत चौतीस वर्षं उभा राहिला तसा. समोरचा ट्रक त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून ट्रकच्या पायरीवर बसला होता. क्लेम त्याला शांतपणे सांगत होता, ब्रेक सोडू नका, मी आकडा बघतो. मी त्याचा दंड धरला तर त्याने मला ढकललं. मनगट सुजलंय. त्याला तसं करायचं नव्हतं, हे तुला सांगायला नकोच.

कोठारातली माणसं चांगली आहेत. ती म्हणाली, या उन्हाळ्यात ही पाचवी वेळ. तू मला आधीच्या चारांतली एकही सांगितली नव्हतीस.

मी आईचं अकरा वर्षं केलं ते खरं. पण आई अंथरुणावर होती, एल्वा. ती कुठे जात नव्हती. ते आणि हे एका मापाने मोजलं ही माझी चूक झाली. पत्रात जे लिहिलं ते मी परत घेते, आणि परत घेतलं तरी ते तू वाचलं आहेसच, हेही मला माहीत आहे.

आता कालचं. रविवारी दुपारी आम्ही पुढच्या व्हरांड्यात चहा घेत होतो. ऊन फार होतं. तो खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात म्हणाला,

"बाई, एक काम होतं. माझं नाही, मिसेसचं."

मी म्हटलं, सांगा.

"तिच्यासाठी उन्हाळ्यात वाचायला काहीतरी काढून ठेवा. पूर्वी ती माझ्याहून जास्त वाचायची. हल्ली वाचन सुटलंय तिचं. एका म्हाताऱ्याकडे कामाला जाते ना. दिवसभर त्याचंच करत असते. वाईट माणूस नसावा, पण दमवतो फार तिला."

मी विचारलं, कशा प्रकारचं पुस्तक हवं.

"बारीक असू दे. हातात जड नको. आणि शेवट उगाच गोड केलेला नको, तिला खोटं चालत नाही."

मी म्हटलं, बाजूला काढून ठेवते, कोणाच्या नावाने ठेवू? तो विचार करत राहिला. कपातला चहा पूर्ण गार झाला. ओठ हलत होते, एखादं नाव जिभेवर धरून बघावं तसे. शेवटी म्हणाला, "नाव राहू द्या. ती आली की कळेलच तुम्हाला. माझी बायको आहे ती."

ऐंशी टक्के तो आता आत नाही, एल्वा. जो काही उरलाय तो तुझी काळजी करतोय. त्या म्हाताऱ्याने तुला सोडावं असं त्याचं म्हणणं आहे. माझं म्हणणं विचारशील तर तेच. दहा तारखेची वाट बघू नकोस. हो कळव.

डल्सी


पोर्ट फेअरी
बुधवार, ८ जानेवारी

प्रिय डल्सी,

तुझं पत्र सकाळी अकराला आलं. बारा वाजता पोस्टाबाहेरच्या फोनवरून हॉर्शमला हो कळवलं. बाईने क्लेमचं पूर्ण नाव विचारलं, जन्मतारीख, काही खाण्याचं पथ्य, झोपेत चालतो का. मी सगळं सांगितलं. तुमचं नातं काय, असं तिने शेवटी विचारलं. मी बायको म्हणाले आणि रिसीव्हर कानापासून दूर नेला. ती थांबली. चांगली असावी. मागे एक माणूस उभा होता फोनसाठी, तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. मी बराच वेळ रिसीव्हर धरून उभी होते. दोन वर्षांत पहिल्यांदा रडले. फार नाही. नंतर पुन्हा पहिल्यासारखंच झालं.

तू लिहिलेलं परत घेतलंस हे वाचून बरं वाटलं का, तर सांगता येत नाही. पण पत्र पर्समध्ये ठेवलंय.

शुक्रवारी निघते, दुपारपर्यंत पोचेन. त्याचे शर्ट मी आल्यावर भरीन, तू हात लावू नकोस. नावं शिवायची आहेत कॉलरला, ते त्यांनी सांगितलंय.

सोमवारी हॉर्शमला जाताना गाडी तू चालव. मी मागे त्याच्याजवळ बसेन. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. घरी मिसेस वाट बघत असेल असं तो म्हणेल, तेव्हा दहा मिनिटं बसा असं मी म्हणणार नाही. मी कोण असं त्याने विचारलं, तर सांगेन.

एल्वा